हायड्रा या अनेक मुंडक्यांच्या नागिणीचं एक मुंडकं तोडलं तरी दोन उगवत, मंग थे मेली कशी?

प्रश्न: भाऊ, रात्री ओलिताले गेलो का मोबाईलवर ग्रीक कथा ऐकतो. त्यातल्या हेराक्लिस या वीरानं हायड्राले मारलं कसं, नीट समजलं नाही, सांगा ना कोणी.

उत्तर: त्याच्या पुतण्यामुळे, आयोलाउसमुळे. हेराक्लिस मुंडकं तोडे अन आयोलाउस लगेच जळत्या लाकडानं मान डागे, म्हणून नवीन फुटलंच नाही, अन जे अमर मुंडकं होतं ते मोठ्या दगडाखाली गाडलं. मले तं खरा हिरो तो पोट्टाच वाटते.

उत्तर: आपल्या रक्तबीजासारखंच हाय बाप्पा!

उत्तर: पण हेराक्लिसले अशी कामं देणाऱ्या राजा युरिस्थियसनं, त्यानं पुतण्याची मदत घेतली म्हणून, हे काम मोजलंच नाही, लय अन्याय! अन हेराक्लिसनं हायड्राच्या विषात बाण बुडवले, त्यातल्याच एका बाणानं नेसस नावाचा सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) मेला, अन नेससच्या त्या विषारी रक्तानं माखलेला अंगरखा घालून शेवटी हेराक्लिसही गेला.