नाले रुंद करायचे की पाणी शहरातच अडवायचं? सोलापूरकरांनो बोला

शेळगीकर:
दरवर्षी सप्टेंबर आला की तेच. तासभर दणकून पाऊस झाला की सखल गल्ल्यांत पाणी, अदिला नाल्याकाठची माणसं गाद्या, धान्य वर चढवत बसतात, आणि त्याच घरांत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. उजनी धरणावरून शंभर किलोमीटरपेक्षा लांबून वीज जाळून पाणी आणायचं आणि डोक्यावर पडलेलं गटारातून सीना नदीला घालवायचं, हे मला पटतच नाही. हिशोब करा की, 1000 स्क्वेअर फुटाची स्लॅब आणि 50 मिमी पाऊस म्हणजे साडेचार हजार लिटर पाणी, एका घराचं! माझं म्हणणं, गटार, तलाव, बोअर, पाणीपुरवठा या सगळ्याचा प्लॅन एकच पाहिजे. आत्ता ज्याचं त्याचं वेगळं चालतं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावात तळं खोदायला लावलं, ते काय उगीच का?

होटगी रोडवाला:
भावना कळतात ओ, पण पूर असा थांबत नाही. चेन्नई बघा. 2003 पासून तिथं घराघरात रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, तरी 2015 ला अख्खं शहर बुडालं, कारण ओढे-तलावांच्या जागेवर बांधकामं झालेली. पुण्यात 2019 ला आंबिल ओढ्यानं माणसं नेली तिथंही ओढ्याला जागाच ठेवली नव्हती. आणि आपली काळी माती भिजली की फुगून बंद होते, पाणी मुरणार कुठं? आधी नाले मोजा, अतिक्रमण काढा, गाळ काढा, मोठे पाईप टाका. मुंबईत जुनी गटारं तासाला 25 मिमीची होती, 26 जुलै 2005 ला दिवसात 944 मिमी कोसळला, त्यानंतर तासाला 50 मिमीच्या हिशोबानं कामं चालली. आपल्याकडं असा आकडा धरून बोलतं तरी का कुणी?

मुरूम:
काळ्या मातीचं खरंय. म्हणूनच वरवरचे शोषखड्डे काही कामाचे नाहीत, खाली मुरूम नाहीतर भेगाळलेला कातळ लागेपर्यंत जायला पाहिजे, आणि गाळणी नसली तर दोन पावसाळ्यांत बुजतात. पण पुरासाठी पाणी मुरवायलाच पाहिजे असं कुठंय? ते दोन-तीन तास थांबवलं तरी नाल्यावरचा लोंढा उतरतो. एक एकराचं मैदान फूटभर खोल करा, बारा लाख लिटर पाणी थांबतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला 2013 पासून असा चौकच आहे, एरवी पोरं खेळतात, पावसात त्यात पाणी साठतं. मोठे पाईप टाकून तुम्ही शेळगीचं पाणी फक्त लवकर पुढच्या वस्तीत ढकलणार, तिथल्यांनी काय करायचं?

कंबर तलाव:
एक गोष्ट कुणीच बोलेना. आपल्या नाल्यांत पावसाचं पाणी कमी आणि ड्रेनेजचं, म्हणजे घरांचं सांडपाणी जास्त. ते मैदानात थांबवलं की पोरं त्या घाणीत खेळणार, तलावात सोडलं की जलपर्णी. संभाजी तलाव जलपर्णीनं भरलेला आपण बघितलाय. ड्रेनेजची लाईन वेगळी होऊन पाणी शुद्धीकरणाला गेल्याशिवाय बाकीच्या गप्पा मारू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

होटगी रोडवाला:
तेच. आणि तलावाचं अजून एक. पूर अडवायला तलाव रिकामा पाहिजे, उन्हाळ्यात प्यायला भरलेला पाहिजे. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा हिप्परगा तलाव भरत आलेला असतो, वरून अजून पडला की सांडव्यावरून अदिला नाल्यात. रिकामा ठेवला आणि पाऊस आलाच नाही तर? वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिमीचा जिल्हा आहे हा, इथं असला जुगार कोण खेळणार?

शेळगीकर:
बरोबर, म्हणूनच सगळा भार एका तलावावर नको म्हणतोय मी. वरच्या अंगाला शंभर ठिकाणी थोडं थोडं थांबवा, शाळांची मैदानं, बागा, मोठ्या सोसायट्यांचं पार्किंग, छतांचं स्वच्छ पाणी थेट बोअरला. छताच्या पाण्यात ड्रेनेज कुठून येणार? तेवढं तर उद्या सुरू करता येतं! आणि तलावात किती जागा ठेवायची हे हवामानाचा अंदाज बघून पाणीपुरवठावाल्यांनी आणि ड्रेनेजवाल्यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं, एकच प्लॅन म्हणजे दुसरं काय?

विडी घरकुल:
अतिक्रमण काढा म्हणणाऱ्यांना विचारते, कुणाचं? नाल्याकाठी विडी वळणाऱ्या बायकांची पत्र्याची घरं पहिली जातात, आणि वरच्या अंगाला नाला वळवून भिंत घातलेले मोठे प्लॉट तसेच राहतात. पाणी त्या भिंतीमुळंच आमच्याकडं वळतं. मोजणी करायची तर वरून खाली करा, आणि आधी घरं द्या मग उठवा.

होटगी रोडवाला:
वरून खाली मोजणी, मान्य, शंभर टक्के. पण ताई, तोवर मैदानं खोल करायला पैसे घालू नका, तोच पैसा आधी मोजणीला आणि तुमच्या घरांना लावा. माझा विरोध त्या क्रमालाच आहे.

मुरूम:
मोजणीवर कोर्टात स्टे येतो, वर्षं जातात. पाऊस पुढच्या सप्टेंबरातच येणाराय. दोन्ही एकदम सुरू करा.