फोटो म्हणे त्याच रात्री एडिट करावेत!

शिवडीकर
परवा 'रॉकेट' यांनी लिहिलं होतं की भटकंतीचे फोटो त्याच रात्री एडिट करावेत, सगळ्यांना एकच प्रिसेट (रंग-उजेडाची तयार सेटिंग) लावून मोकळं व्हावं, रेंगाळलं की नजर शिळी होते. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण आवरेना. म्हणून हा वेगळा धागा.

माझं नेमकं उलट झालंय. डिसेंबरातला मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त घेऊन रात्री दीडपर्यंत बसलो आणि आभाळ तापवत गेलो. तेव्हा कसलं भारी वाटलं! सकाळी चहा घेताना पाहतो तर समुद्रात रसना ओतलेली. डोळा सरावतो हो. अर्ध्या तासात केशरीसुद्धा फिका वाटायला लागतो. आता फाइली उतरवतो आणि तीन आठवडे हात लावत नाही. मग आधी फोटो आरशात दिसावा तसा उलटा करून बघतो. आपलाच फोटो परक्याचा वाटतो आणि कललेलं क्षितिज लगेच टोचतं.

रॉकेट
तीन आठवडे? निवृत्त दिसताय. मला रविवार एकच मिळतो, त्यात विरारहून जाऊन-येऊन अर्धा दिवस लोकलमध्ये. तीन आठवड्यांनी आभाळ कसं होतं हेच आठवत नाही, मग एडिट कशाच्या जोरावर करू?

शिवडीकर
निवृत्त नाही, शिफ्टमध्ये घासतोय. आठवत नसेल तर जागेवर दोन ओळी लिहून ठेवा. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं 'मूनराइज, हर्नांडेझ' या त्याच्या गाजलेल्या फोटोची 1941 ची निगेटिव्ह पुढे कित्येक वर्षं परत परत छापली आणि आभाळ काळं काळं करत नेलं. त्याला कुठे घाई होती?

रॉकेट
त्याला विरार लोकलही नव्हती.

कट्टेकरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी आभाळ स्वतःचं तरी असतं का हल्ली? जूनचा मरीन ड्राइव्ह म्हणून एक फोटो आला होता, सूर्य थेट उघड्या समुद्रात. अहो, चर्चगेटसमोरून जूनमध्ये तो मलबार हिलमागे जातो! आभाळ चिकटवायचं तर निदान महिना बघून चिकटवा.

धूळभेट
त्याहून मोठी चिकटवाचिकटवी म्हणजे डीहेझ, फोटोतला धूसरपणा पुसणारी सोय. 2015 ला तो स्लायडर आला आणि मुंबईची हवा स्वच्छ झाली, फोटोत. जानेवारीत शिवडीच्या जेट्टीवरून अटल सेतू चार-पाच खांबांनंतर गायब असतो. तुम्ही स्लायडर ओढता आणि पूल थेट न्हावाशेव्याकडे निघतो.

रॉकेट
ताई, ते धुकं असतं. थंडीत पडतंच.

धूळभेट
धुकं ऊन चढलं की विरतं. हे दुपारी दोनलाही तसंच असतं. थंडीत वारा मंदावतो, खालची गार हवा वर उठत नाही, आणि आमच्या गल्लीत तीन टॉवरांची खोदकामं. हिरवी जाळी एका बाजूला, तीही फाटकी. लेकाला नोव्हेंबरपासून नेब्युलायझर लावतेय. धुकं म्हणे!

कट्टेकरी
आमच्याकडे पाण्याचा फवारा मारणारी गाडी येते. धुळीचा चिखल करून जाते. परवा त्यात काकू घसरल्या.

सॅच्युरेशन
मूळ विषय एडिटिंगचा होता. नेब्युलायझरसाठी वेगळा धागा काढा.

धूळभेट
तुम्ही हवा पुसून फोटो टाकायचे, आणि मी बोलले की अवांतर? वा!

शिवडीकर
ताई, कबूल. त्याच जेट्टीवरचे माझे 140 फोटो आहेत आणि सगळ्यांवर डीहेझ मारलाय. काल एकावरून काढून बघितला. पूल अर्धाच दिसतो, पण पुढची होडी आता कुठे नजरेत भरली. आधी पुलाच्या गर्दीत हरवली होती.

धूळभेट
चला, प्रदूषणाचा कोणाला तरी फायदा झाला.

रॉकेट
शिवडीकर, तो उलटा करायचा प्रकार करून पाहिला. वरळीच्या फोटोत समुद्र खरंच उजवीकडे सांडत होता. सरळ केला. पण त्याच रात्री केला, नोंद घ्या.