एकाच कंपनीवर चालणारं जॉबवर्क, सेटिंगला मीच: बदल कुठून सुरू करू? (अंबड, नाशिक)

अंबड_टर्निंग
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात टर्निंगचं जॉबवर्क आहे. एक सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं टर्निंग मशीन), दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन. माणसं तीन: एक ऑपरेटर, दोन हेल्पर. प्रोग्राम, सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीनवर टूल, जॉ, मापं लावणं), पहिल्या नगाची तपासणी, कोटेशन, वसुली हे सगळं माझ्याकडे. ७० टक्के काम एकाच कंपनीचं, डिझेल इंजिनाचे सुटे भाग. पुढच्या वर्षीचं शेड्यूल त्यांनी बरंच खाली आणलंय.
नाशकात स्विचगिअर (विजेची स्विच, ब्रेकर वगैरे) आणि पॅनेलवाले भरपूर आहेत, म्हणून तांब्या-पितळेच्या कामाकडे वळायचा विचार आहे. दुसरं सीएनसी आत्ताच घ्यावं का? सध्या तासाला ३५० रुपये मिळतात, ते परवडतात की नाही हे कसं काढायचं? आणि वय ४६ आहे, स्वतः नेमकं काय शिकायला घेऊ? ‘सकारात्मक राहा’ असलं ऐकून झालंय, कामाचं सांगा.

हिशेब_आधी
भाऊ, दुसरं मशीन बाजूला ठेवा. आधी आहे त्या मशीनचा तासाचा खर्च काढा. मी समजायला सोपे आकडे घेतो, तुमचे तुम्ही घाला.

मशीन १८ लाखांचं, सात वर्षांनी ४ लाखांना जाईल असं धरलं तर घसारा वर्षाला २ लाख. गुंतलेल्या पैशाचं व्याज १ लाख १५ हजार. देखभाल ५० हजार. भाड्यातला या मशीनचा वाटा १ लाख. आणि तुमचा स्वतःचा पगार, महिना ३० हजार धरला तरी ३ लाख ६० हजार. झाले ८ लाख २५ हजार. मशीन चालो न चालो, एवढे जाणारच. त्यावर एका पाळीचा ऑपरेटर, बोनस आणि पीएफ धरून अडीच लाख. वीज १ लाख. इन्सर्ट (टूलवरची बदलता येणारी कापायची धार) आणि टूल ६० हजार. एकूण १२ लाख ३५ हजार.

आता तास. ३०० दिवस गुणिले ८ म्हणजे २४००. सेटिंग, मालाची वाट, वीज जाणं, दुरुस्ती वजा करून ७५ टक्के मिळाले तर १८००. भागाकार करा: तासाला ६८६ रुपये. लेथही तुमच्या पगाराचा थोडा भार उचलतात हे मान्य. पण तुमचा पगार पूर्ण काढून टाकला तरी ४८६ येतात.

मग ३५० चा दर बाजारात टिकतो कसा? मालकाचा पगार शून्य धरा, मशीन वर्षभर एक मिनिटही थांबत नाही असं धरा, की ३६५ येतात. बहुतेक गाळ्यांतला दर असाच ठरलेला असतो, आणि मालकाला वाटत राहतं की काम भरपूर आहे, मग पैसा जातो कुठे.

आता त्याच मशीनवर दुसरी पाळी लावून बघा. स्थिर खर्च तेवढाच, ८ लाख २५ हजार. पाळीचा खर्च (ऑपरेटर, वीज, टूल) दुप्पट, ८ लाख २० हजार. तास ३६००. दर ४५७. नवीन मशीन न घेता तासामागे सव्वादोनशे रुपये खाली. अट एकच: सेटिंग तुमच्याशिवाय झालं पाहिजे. तुम्ही सोळा तास उभे राहू शकत नाही. म्हणून तुमच्या शिकण्याची सुरुवात मशीनवरून बाजूला होण्यापासून आहे.

कोटेशनमध्ये आणखी एक चूक सर्रास होते. सेटिंगचा वेळ नगाच्या दरात विरघळवून टाकतात. ३ मिनिटांचा नग, ५० चा लॉट, सेटिंग २ तास: मशीनिंग अडीच तास आणि सेटिंग जवळपास तेवढंच. तोच दर ५०० नगांना ठीक, ५० ला मार. सेटिंगचे पैसे वेगळ्या ओळीत लिहा किंवा लॉटप्रमाणे दोन दर द्या. इलेक्ट्रिकलच्या कामात लॉट लहान येतात, तिथे हे फार लागेल.

सेटर_ते_सुपरवायझर
वरचा हिशेब पटला. पण मशीनवरून बाजूला व्हायचं म्हणजे काय करायचं, ते लिहितो, कारण बहुतेक जण इथेच अडकतात.

‘शिकवलं त्याला, तरी जमत नाही’ असं मालक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्यानं तोंडी शिकवलेलं असतं. तुमचं सेटिंग तुमच्या हातात आणि डोक्यात आहे, ते कागदावर उतरवा. नेहमी परत येणारे दहा जॉब निवडा आणि प्रत्येकाचं एका पानाचं सेटिंग शीट करा. प्रोग्राम नंबर. ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन. सॉफ्ट जॉ (नग पकडणारे, मापाला कापून घ्यायचे मऊ जबडे) कोणते, किती व्यासाला बोअर केलेत, नग जॉमध्ये किती आत बसतो, चकचं प्रेशर किती. टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याच्या) कोणत्या स्टेशनला कोणतं टूल, इन्सर्टचा ग्रेड, टूल बाहेर किती. वर्क ऑफसेट, म्हणजे नगावरचा शून्य बिंदू, कुठून घ्यायचा. कोणतं माप कशानं मोजायचं आणि किती नगांनी एकदा. इन्सर्टची धार किती नगांनी बदलायची. जॉ बसवण्यापासून पहिल्या नगापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याचं नाव शीटवर लिहा.

मग क्रम असा ठेवा. एका जॉबचं सेटिंग तुम्ही करता, तो शीट हातात धरून बघतो आणि शीटमध्ये काय सुटलंय ते लिहितो. पुढच्या वेळी तो करतो, तुम्ही शेजारी, हात मागे. तिसऱ्या वेळी तुम्ही गाळ्याच्या बाहेर, पहिला नग तेवढा तपासायला या. एक जॉब पूर्ण सुटला की दुसरा घ्या. दहाच्या दहा एकदम सोपवलेत तर पहिल्याच रिजेक्शनला तुम्ही परत मशीनवर जाल आणि महिनाभर उतरणार नाही.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. ऑपरेटरनं मोजलं, व्यास २ शतांश मिमी मोठा आला, त्यानं ऑफसेटमध्ये (टूलच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) २ शतांश वजा केले. पाच मिनिटांनी मालक येतो, दुरुस्तीच्या आधीचा नग उचलून मोजतो, त्यालाही २ शतांश मोठाच दिसतो, तोही वजा करतो. पुढचे नग २ शतांश लहान, सरळ भंगारात. दोघांनीही बरोबर मोजलं, तरी माल गेला. म्हणून मशीनला दोरीनं एक वही बांधा: वेळ, टूल नंबर, ऑफसेट किती बदलला, कोणी. वहीत न लिहिता ऑफसेटला हात लावायचा नाही, आणि हा नियम मालकाला सगळ्यात आधी लागू. मालकानं एकदा मोडला की वही तिथेच संपली.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातल्या दोन दुपारी, ३ ते ६, तारखा ठरवून मशीनपासून लांब काढा. कोटेशन, नवीन कंपन्यांना फोन, ड्रॉइंग वाचायचा सराव या वेळात. ‘वेळ मिळाला की करू’ म्हणालात तर तो वेळ जॉबच खाणार.

वेंडर_डेस्क
मी पलीकडच्या बाजूचं लिहितो. इलेक्ट्रिकल कंपन्यांत वेंडर बघताना काय पाहिलं जातं ते समजून घ्या.

नवीन वेंडर बाद होतो तो बहुधा सॅम्पलला नाही, पहिल्या लॉटला. सॅम्पलचे पाच नग मालकानं स्वतः जीव ओतून केलेले असतात. लॉट ऑपरेटर काढतो. म्हणून सॅम्पलच तुमच्या ऑपरेटरच्या हातून काढा, वर सांगितलेलं शीट वापरून. जमत नसेल तर ते त्याच वेळी कळू द्या. सोबत पहिल्या नगाचा तपासणी रिपोर्ट द्या: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला फुगा काढून नंबर, समोर हवं ते माप, आलेलं माप, कशानं मोजलं. चौकशीला एका दिवसात उत्तर द्या, काम करायचं नसेल तरी ‘जमणार नाही’ एवढं कळवा. जो उत्तर देतो त्याला पुढची चौकशी जाते.

तांब्याकडे वळताय तर काही गोष्टी आधीच ध्यानात घ्या. पितळ सोपं, चिप तुटून पडते. बसबारच्या (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीच्या) दर्जाचं शुद्ध तांबं चिवट आणि चिकट असतं, चिप लांब दोऱ्यासारखी निघून नगाला गुंडाळते. स्टीलचा कोटिंगवाला, किंचित बोथट धारेचा इन्सर्ट लावलात तर तो कापण्याऐवजी घासतो, तांबं धारेला चिकटतं आणि कडेला बर (धातूची खरखरीत किनार) उलटतो. अॅल्युमिनियमसाठी मिळतो तो बिनकोटिंगचा, पॉलिश केलेला, तीक्ष्ण धारेचा इन्सर्ट वापरा. डिबरिंगचा, म्हणजे ती किनार काढायचा, वेळ कोटेशनमध्ये धरा. तांब्यात कधीकधी मशीनिंगइतकाच वेळ तिथे जातो.

आतले आटे काढताना फॉर्मिंग टॅप (धातू न कापता दाबून आटे पाडणारा) चांगला चालतो, चिपच निघत नाही. पण एम ८ ला कटिंग टॅपसाठी ६.८ मिमीचं ड्रिल असतं, फॉर्मिंगला ७.४ लागतं. जुन्या सवयीनं ६.८ मारलंत तर टॅप नगातच तुटणार.

आणि प्लेटिंग. नग तुमच्याकडून ओके निघतो, कथिल किंवा चांदीचं प्लेटिंग होऊन येतो आणि तपासायचं गेज आत जात नाही. ८ मायक्रॉनचा थर म्हणजे बोअर व्यासात १६ मायक्रॉननं लहान होतो. आट्याच्या पिच व्यासाला (आट्याच्या उंचीच्या मधल्या व्यासाला) तर थराच्या चौपट फरक पडतो, म्हणजे ३२ मायक्रॉन. ड्रॉइंगवरचं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, हे पीओ (खरेदी ऑर्डर) घेण्याआधी मेलवर लेखी विचारा. हा एक प्रश्न विचारणारा वेंडर आमच्या बाजूला लगेच नजरेत भरतो.

शिकायचं काय, तर माझं उत्तर ड्रॉइंगची भाषा. पोझिशन (भोकाची नेमकी जागा), रनआउट (फिरताना नग किती डोलतो), समांतरता या चिन्हांचा अर्थ आणि ते मोजायचं कसं. नवीन सॉफ्टवेअर वगैरे नंतर. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे छोटे कोर्स कोणते चालू आहेत ते बघा, आणि इथे निमा, आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना जात जा. तिथे खरेदी विभागातली माणसं भेटतात.

अंबड_टर्निंग
सगळ्यांचे मनापासून आभार. ३६५ चा आकडा बघून गप्पच झालो. एक शंका: सेटर तयार केला आणि तो शेजारच्या गाळ्यात चार हजार जास्त मिळतात म्हणून गेला तर? आणि जुन्या कंपनीला आत्ताच दर वाढवून मागू का?

सेटर_ते_सुपरवायझर
जाईल कधीतरी, ते धरूनच चला. शीट, व्हिडिओ, वही गाळ्यातच राहतात, म्हणून पुढचा माणूस लवकर तयार होतो. एका हेल्परला आजपासून व्हर्निअर आणि मायक्रोमीटर द्या. आधी झिरो तपासायला शिकवा, मग मोजायला. गरम नग मोजायचा नाही हेही सांगा: ५० मिमी व्यासाचा तांब्याचा नग १५ अंश गरम असेल तर साधारण १२ मायक्रॉन मोठा दिसतो. आणि पगारवाढ जॉबशी जोडा. पाच जॉबचं सेटिंग एकट्यानं केलं की अमुक वाढ, दहाला अमुक. आधी सांगून ठेवा आणि त्या महिन्याला न मागता द्या. माणूस टिकण्यात या ‘न मागता’चा वाटा फार मोठा आहे.

वही_खातं
दराबद्दल: सगळ्या जॉबवर सरसकट वाढ मागू नका. जॉबवार हिशेब काढा, जे सगळ्यात तोट्यात आहेत त्या दोन-तीन जॉबचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि सेटिंग टाइम दाखवून तेवढ्यांचाच दर मागा. नाही मिळाला तर तेच जॉब आधी सोडा. जुनी कंपनी एकदम सोडायची नाही, तिच्यावरच नव्या कामाच्या सुरुवातीचा खर्च निघणार आहे. वाटा ७० वरून आधी ५५, मग ४० असा खाली आणा, आणि मोकळे झालेले तास नव्या कामालाच द्या.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आज करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नंबर प्रत्येक बिलावर छापा. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चअखेरीच्या आधी अकाउंट्स विभागाला थकीत बिलांची यादी उद्यम नंबरसह मेल करा. भांडण न करता पैसे सुटायला याची बरीच मदत होते.

तांबं स्वतः विकत घेऊन द्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. भाव रोज हलतो आणि खेळतं भांडवल तिथेच अडकतं. आधी त्यांचं मटेरियल, तुमची मजुरी. पण चिपचं काय, हे पहिल्याच पीओत लिहून घ्या: परत द्यायची की तुमची, परत द्यायची तर वजनात किती टक्के घट मान्य. आलेला रॉड, गेलेले नग आणि चिप तिन्ही वजनं चलनावर टाका. तांब्याची आणि पितळेची पिंपं वेगळी, झाकण लावून ठेवा. मिसळलं की भंगारवाला पितळेचाच भाव देतो, आणि कंपनीला परत द्यायची असेल तर ती घेतच नाही.

आणखी एक. सिंहस्थामुळे सध्या फॅब्रिकेशनची कामं फिरताहेत, रोख पैसाही दिसतो. लेथवर जमतील ती खुशाल घ्या. पण २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या झाल्या की ते काम संपणार, त्या भरवशावर घेतलेल्या मशीनचा हप्ता मात्र पुढे पाच वर्षं चालू राहणार. दुसऱ्या सीएनसीचा विचार दोन गोष्टी जमल्यावर करा: सध्याच्या मशीनच्या दोन्ही पाळ्या सलग सहा महिने ७५ टक्क्यांवर चालल्यात, आणि तीन महिन्यांचे पगार, भाडं, हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात पडून आहे. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.