केबल काढून ओटीटी घ्यावं का? माझं मत: हो, पण आधी घरात काय बघतात ते लिहून काढा

चाफेकळी

सोसायटीत, नातेवाइकांत हल्ली सारखा हाच विषय निघतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ओटीटी म्हणजे नेटवरून ॲपवर मालिका-सिनेमे बघणं. माझं मत स्पष्ट आहे. घरात ब्रॉडबँड आधीपासून असेल, तर केबलचे पैसे वेगळे भरत राहण्यात अर्थ नाही.

केबलचं बिल दोन गोष्टींचं मिळून होतं. एक नेटवर्क शुल्क, दुसरी पे चॅनेलची किंमत. ट्रायची, म्हणजे केबल-दूरसंचाराचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत २०१९ मध्ये लागू झाली तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात दोनशे चॅनेल द्यायला लावले. २०२४ मध्ये ती कमाल मर्यादाच काढून टाकली. हे शुल्क तुम्ही काय बघता त्याचं नाही, घरापर्यंत सिग्नल आणण्याचं आहे. नेटची एक वायर आलेली असताना दुसऱ्या वायरीचे पैसे का द्यायचे?

सुरुवात करायला नवा टीव्ही लागत नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का ते बघा. असेल तर त्यात लावायची, टीव्हीवर ॲप चालवणारी एक स्टिक किंवा बॉक्स पुरतो. मात्र रस्त्यावर मिळणारे बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. वाइडवाइन नावाची एक कॉपी-संरक्षण व्यवस्था असते, तिची वरची पातळी या बॉक्सना बहुधा मिळालेली नसते. मग टीव्ही कितीही भारी असो, नेटफ्लिक्स-प्राइमचं चित्र पुसटच राहतं, आणि माणूस नेटला शिव्या घालत बसतो.

नेटच्या वेगाची भीतीही विनाकारण घातली जाते. नेटफ्लिक्स स्वतःच फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतं, फोर-केसाठी १५. ३० एमबीपीएसचं साधं कनेक्शन दोन टीव्ही सहज सांभाळतं. चित्र अडकतं ते बहुतेक वेळा राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असतो म्हणून. जमलं तर राउटरपासून टीव्हीपर्यंत नेटची वायरच (लॅन केबल) ओढा, नाहीतर राउटर हॉलमध्ये आणा.

आता मुख्य गोष्ट. एकही पैसा भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारून यादी करा. झी मराठीच्या मालिका झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. सोनी मराठी सोनीलिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनेल यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. ही यादी समोर ठेवली की कळतं, बऱ्याच घरांत दोनच ॲप पुरतात.

डोंबिवलीकर

सविस्तर लिहिलंत हे चांगलं, पण निष्कर्ष पटला नाही.

तुमच्याच यादीकडे बघा. पाच मराठी चॅनेलसाठी चार ॲप. केबलवर ही पाचही एका रिमोटवर, एका बिलात येतात, आणि साध्या दर्जाची घेतली तर फार पैसे पडत नाहीत. शिवाय पॅकेजमध्ये घालायचं असेल तर कुठल्याही चॅनेलची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, हा ट्रायचा नियम आहे. ओटीटीला असा कुठलाही लगाम नाही. उद्या त्यांनी वर्गणी दुप्पट केली तर दाद कुठे मागणार? प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. जाहिराती नको असतील तर वर वेगळे पैसे. केबलवर जाहिराती आहेत हे मान्य, पण तिथे तासाला १२ मिनिटांचा नियम तरी कागदावर आहे.

आणि ब्रॉडबँड ‘आधीपासून आहे’ हे सगळ्यांना लागू नाही. आमच्या मजल्यावर दोन घरांत फक्त म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांना नेट लागतं ते फोनपुरतं. त्यांनी ३९९ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे सुमारे ४७१ रुपये नेटसाठी भरायचे आणि वर ॲपची वर्गणी वेगळी. त्यांच्यासाठी केबल महाग कशी?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई. तिला चॅनेलचे नंबर पाठ आहेत. साडेसात वाजले की आकडा दाबते आणि मालिका सुरू. स्टिकवर आधी प्रोफाइल निवडा, मग ॲप अपडेट मागतं, मग लॉगिन गेलेलं असतं, मग ओटीपी येतो तो माझ्या फोनवर आणि मी असतो लोकलमध्ये. स्वतःच्या घरात टीव्ही लावायला तिला मुलाची वाट बघावी लागते, हे मला सहन होत नाही.

समईवात

@डोंबिवलीकर, वयस्कर माणसांसाठी केबलच बरी, हे सरसकट खरं नाही. माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. केबलवर आवाज वाढवून वाढवून शेजाऱ्यांना त्रास, आणि आमचे वाद. आता स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडला आहे. ते त्यांच्या आवाजात ऐकतात, आम्ही स्वयंपाकघरात शांत. हिंदी-इंग्रजी चित्रपटांना खाली अक्षरं लावतात. संवाद निसटला तर दहा सेकंद मागे जातात. औषधाची वेळ झाली की थांबवतात. पूर्वी मालिका सुटेल म्हणून जेवण गार व्हायचं.

एक उणीव मात्र आहे आणि ती मला फार टोचते. मराठी मालिकांना मराठी अक्षरं क्वचितच मिळतात, बहुतेकदा असलीच तर इंग्रजी. कमी ऐकू येणाऱ्या मराठी माणसाला त्याच्याच भाषेत वाचायला मिळू नये? या कंपन्यांना आपण प्रेक्षकांनी हे सतत लिहून कळवायला हवं.

तांबडी_माती

माण तालुक्यातून लिहितोय. तुम्हा दोघांचं भांडण शहरातलं आहे. आमच्या वाडीपर्यंत ना केबल पोचली ना फायबर. नेट म्हणजे मोबाइलचं, दिवसाला दीड-दोन जीबी. एचडी चित्र तासाला ३ जीबीच्या आसपास खातं. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात दिवसाचा कोटा संपला. पोरांचा अभ्यासही त्याच डेटावर.

आमच्याकडे घरोघरी डीडी फ्री डिश आहे. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, ही सेवा. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला शून्य रुपये. सह्याद्री दिसतं, मराठी सिनेमाची चॅनेल दिसतात, बातम्या दिसतात. नव्या मोठ्या मालिका नाहीत, हे खरं.

क्रिकेटचं सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दिसेल, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून भारताचा तो सामना आम्ही फुकट बघतो आणि केबलच्या गिऱ्हाइकाला त्याच सामन्यासाठी स्पोर्ट्सचं पे चॅनेल घ्यावं लागतं.

‘ओटीटी की केबल’ असं विचारताना हा तिसरा रस्ता कुणी मोजतच नाही, याचं वाईट वाटतं.

चाफेकळी

@तांबडी_माती, फ्री डिशचा मुद्दा मोलाचा. शहरातही गच्ची मोकळी असेल तर फ्री डिश आणि एक ॲप ही जोडी उत्तम चालेल. छत्री न लावता सह्याद्री हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं.

@डोंबिवलीकर, ओटीपीचा त्रास खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. आईच्या स्टिकवर तिला लागणारी दोनच ॲप पहिल्या रांगेत ठेवा, बाकी काढून टाका. खातं आईच्याच फोन नंबरवर उघडा म्हणजे ओटीपी तिच्याकडेच येईल. मायक्रोफोनचं बटण दाबून मालिकेचं नाव म्हणायला शिकवा. बायका शिकत नाहीत असं नाही, शिकवायला बसणारं कुणी नसतं. माझ्या सासूबाई व्हॉट्सॲपवर अख्खं भजनी मंडळ चालवतात.

पैशांचं म्हणाल तर सगळी ॲप बाराही महिने ठेवायची गरज नाही. एखादी वेबमालिका बघायची तर त्या महिन्यापुरतं घ्या आणि बंद करा. ऑटोपे असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमाने बंधनकारक आहे. तो मेसेज वाचा. वेगवेगळ्या काळात ॲप आलटून पालटून घेण्याचं हे स्वातंत्र्य केबलवर नाही.

डोंबिवलीकर

केबलवरही सुटं चॅनेल घेता-सोडता येतं, तो हक्क २०१९ पासून आहे. लोक वापरत नाहीत, कारण सुट्यापेक्षा पॅकेज स्वस्त पडेल अशीच किंमत लावलेली असते. आणि ओटीटीवाले काय वेगळं करतात? महिन्याची वर्गणी महाग, वर्षाची स्वस्त. शेवटी माणूस वर्षाचीच घेतो आणि अडकतो.

आईला शिकवण्याबद्दल: तिला येत नाही असं मी म्हटलेलंच नाही. तिने का शिकावं, हा माझा प्रश्न आहे. पुढच्या अपडेटला पडदा पुन्हा बदलणार, पुन्हा नवं शिका. आकडा दाबला की चॅनेल, यात सुधारणा करण्यासारखं काय होतं?

जुना_वायरमन

मी केबल चालक आहे, तालुक्याच्या गावी. नव्वदच्या दशकात खांबावर चढून वायर ओढल्यात, त्यामुळे माझं मत एका बाजूचं वाटेल. तरी मांडतो.

ताईंनी लिहिलं की नेटवर्क शुल्क म्हणजे वायरीचे पैसे. बरोबर आहे. ते कुणाला जातात तेही लिहायला हवं. वेगळा करार नसेल तर ट्रायच्या नियमाप्रमाणे त्यातले ५५ टक्के वरच्या मोठ्या कंपनीला आणि ४५ टक्के स्थानिक चालकाला. पे चॅनेलच्या किमतीतला मोठा वाटा चॅनेलवाल्यांना, वितरण शुल्क म्हणून २० टक्के वितरकाकडे, आणि आमच्यापर्यंत त्यातला तुकडा. त्या पैशात मी तीन पोरं कामाला ठेवलीत. पावसात झाड पडून वायर तुटली तर रात्री नऊला माणूस दारात असतो. ॲप बंद पडलं तर तुम्ही कुणाला फोन लावता? तिकडे मशीन बोलतं.

आमच्या लोकल चॅनेलवर गावच्या गणपतीची मिरवणूक, यात्रेचा पालखी सोहळा, नगरपालिकेच्या पाण्याची वेळ हे सगळं दिसतं. कुठल्या ॲपवर आमच्या गावचं पाणी कधी येणार ते दाखवतात?

गिऱ्हाईक कमी होतंय हे मात्र रोज बघतोय. म्हणून आता मीच फायबर देतो. ज्याला केबल नको, त्याला नेट. तरी सांगतो, नुसत्या नेटवर गेलेली काही घरं क्रिकेटच्या मोसमात परत केबल मागायला येतात.

आरपार

त्याचं कारण सांगतो, माझं काम याच क्षेत्रातलं आहे. ॲपवर थेट सामना येतो तो काही सेकंदांच्या तुकड्यांत. तुकडा बनवायचा, वेगवेगळ्या दर्जाचा करायचा, देशभरच्या सर्व्हरवर पाठवायचा, आणि तुमचं ॲप अडकू नये म्हणून काही तुकडे साठवून मगच दाखवणार. यात सहज अर्धं मिनिट जातं. केबलवर हा उशीर बराच कमी. म्हणून खालच्या मजल्यावर आरडाओरडा झाला की तुम्हाला विकेट पडल्याचं आधीच कळतं.

तंत्र सुधारतंय, पण आज तरी ज्याच्या घरात सामना हाच टीव्हीचा मुख्य उपयोग आहे, त्याने केबल किंवा छत्री सोडू नये. मालिका-सिनेमावाल्यांनी खुशाल सोडावी. याबाबतीत माझं मत @चाफेकळी यांच्याच बाजूचं आहे.

समईवात

एक अडचण विचारते. मावशीकडे जुना डबा टीव्ही आहे, मागे फक्त लाल-पांढरी-पिवळी भोकं. त्यावर ओटीटी लागेल का?

जुना_वायरमन

लागेल. एचडीएमआयमधून एव्ही करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. पण ॲपमधली अक्षरं त्या पडद्यावर इतकी बारीक आणि पुसट दिसतात की मावशींना वाचवणार नाहीत. डबा टीव्ही असेपर्यंत केबल किंवा फ्री डिश ठेवा. त्या बॉक्सला ती तिन्ही भोकं बहुधा असतात, थेट जोडता येतं.

आणि ज्यांचं ठरत नाही त्यांना एक गोष्ट सांगतो, ती आमचे लोक स्वतःहून सांगत नाहीत. केबल एकदम तोडायची गरज नाही. महिना-दोन महिने सेवा तात्पुरती थांबवण्याची सोय ट्रायच्या नियमांत आहे. लेखी किंवा फोनवर आधी कळवा, तक्रार नंबर घ्या. तेवढ्या काळात ॲपवर घर चालतं का बघा. नाही चाललं तर परत सुरू करून घ्या. बॉक्स अनामत देऊन घेतला असेल तर कायमचं सोडताना तो परत करून पैसे मागा, पावती जपून ठेवली असेल तर.

डोंबिवलीकर

हे करून बघायला हरकत नाही. पण सेवा थांबवायची की नाही ते आईला विचारून ठरवीन. टीव्ही जास्त तीच बघते.