‘प्रतिमा प्रतल’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : भिंगांवरील एका प्रकरणात आणि कॉम्प्युटर ग्राफिक्सवरील दुसऱ्या प्रकरणात ‘इमेज प्लेन’ ही एकच संज्ञा आली आहे. दोन्ही ठिकाणी ‘प्रतिमा प्रतल’ असे लिहिले तर चालेल का? आणि भिंगांच्या प्रकरणात त्याऐवजी ‘नाभीय प्रतल’ लिहिल्यास अर्थ बदलतो का?

उत्तर : शब्द दोन्हीकडे चालेल, पण त्यामागची कल्पना एकच आहे असे समजू नये. प्रकाशशास्त्रात प्रतिमा प्रतल ठरते. ग्राफिक्समध्ये ते ठरवावे लागते. वाक्यरचना करताना हा फरक पाळला, तर वाचकाचा गोंधळ होणार नाही.

मुख्य अक्षाला लंब असलेल्या एखाद्या प्रतलातील वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून गेल्यावर ज्या प्रतलात पुन्हा एकेका बिंदूत एकत्र येतात, ते त्या वस्तूचे प्रतिमा प्रतल होय. यातील ‘त्या वस्तूचे’ हे शब्द गाळता येणार नाहीत, कारण वस्तू सरकली की हे प्रतलही सरकते. 50 मिलिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घेतले आणि वस्तू फार दूर असली, तर प्रतिमा भिंगापासून 50 मिलिमीटरवर मिळते. वस्तू 2 मीटरवर आणली तर सुमारे 51.3 मिलिमीटरवर, आणि 1 मीटरवर आणली तर सुमारे 52.6 मिलिमीटरवर. नाभीय प्रतल, म्हणजे भिंगाच्या नाभीतून जाणारे मुख्य अक्षाला लंब प्रतल, मात्र या सर्व वेळी 50 मिलिमीटरवरच असते. म्हणजे अनंत अंतरावरील वस्तूपुरतीच ही दोन प्रतले एक होतात, एरवी नाही. त्यामुळे एका शब्दाच्या जागी दुसरा घालणे चूक ठरेल.

छायाचित्रणात आणखी एक प्रतल मध्ये येते, ते म्हणजे सेन्सरचे. अनेक कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेची एक बारीक खूण असते, ती याच प्रतलाची जागा दाखवते. फोकस जुळवणे म्हणजे हव्या त्या वस्तूचे प्रतिमा प्रतल सेन्सरच्या प्रतलावर आणून बसवणे. दोन्हींना सरसकट ‘प्रतिमा प्रतल’ म्हटले, तर चित्र अस्पष्ट का येते हे सांगायला शब्दच उरत नाही. ‘पडदा’ हा पर्यायही कधी कधी सुचवला जातो, पण आभासी प्रतिमेलाही प्रतिमा प्रतल असते आणि ती प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, एवढ्यावरून तो बाद करावा.

ग्राफिक्समधील नेहमीचा कॅमेरा हा मुळात सूचिछिद्र कॅमेरा असतो. छिद्र बिंदूएवढे मानले की एका बिंदूपासून एकच किरण आत येतो, किरण एकत्र येण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि कोणत्याही अंतरावर प्रतल धरले तरी त्यावर स्पष्ट चित्र उमटते. म्हणून ते कोठे धरायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते. ते बहुधा डोळ्याच्या मागे न धरता पुढे धरतात, म्हणजे चित्र उलटे होत नाही. गणित सोपे आहे : बिंदूचे आडवे आणि उभे निर्देशक त्याच्या खोलीने भागून प्रतलाच्या अंतराने गुणायचे. आडवा निर्देशक 2, उभा 1 आणि खोली 4 असेल, तर 1 एकक अंतरावरील प्रतलावर तो बिंदू 0.5 आणि 0.25 या जागी पडतो. अंतर दुप्पट केले आणि प्रतलावरील चौकटही दुप्पट केली, तर अंतिम चित्रात काडीचाही फरक पडत नाही. भिंगाच्या बाबतीत अशी मुभा नसते.

अक्षराला धरून बसायचे तर ‘प्रतल’ हा शब्दही भिंगांसाठी आदर्श स्थितीचाच आहे. साध्या एकाकी भिंगातून सपाट वस्तूची प्रतिमा किंचित वक्र पृष्ठावर मिळते. या वक्रतेला भिंगांचे गणित मांडणारे पेट्झव्हाल यांचे नाव दिलेले आहे. चित्राचा मध्य रेखीव आणि कोपरे पुसट, असे दिसते ते बऱ्याचदा यामुळेच. अशा संदर्भात ‘प्रतिमा पृष्ठ’ लिहिणे मला अधिक योग्य वाटते.

पुरवणी : वरील विवेचन मान्य आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. ग्राफिक्समधील अर्थ भिंगाकडून आलेला नसून यथादर्शनाच्या, म्हणजे दूरच्या वस्तू लहान दाखवून खोली भासवणाऱ्या, चित्रकलेशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. इटालियन कलाविचारक अल्बेर्ती यांनी 1435 मध्ये चित्राची कल्पना उघड्या खिडकीसारखी मांडली होती, आणि त्या खिडकीच्या प्रतलाला कलाविषयक लेखनात ‘चित्रप्रतल’ म्हणणे सोयीचे पडते. ग्राफिक्ससाठी मात्र ‘प्रतिमा प्रतल’च ठेवावे. दुसरे असे की, ‘माया’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज प्लेन’ म्हणजे प्रतिकृती घडवताना समोर असावे म्हणून कॅमेऱ्याला जोडलेले चित्र. त्यावर काहीही प्रक्षेपित होत नाही, त्यामुळे तेथे ‘संदर्भचित्र’ हा शब्द वापरावा.