गटात बसवलं की एकच पोरगं गणित सोडवतं, बाकीचे उतरवून घेतात. काय करू?

गणिताच्या बाई, कोल्हापूर
आठवीला शिकवते. पट 58. बाक लोखंडी, हलवले की खालच्या वर्गातले सर वर येऊन विचारतात, "काय पाडताय?" तास 35 मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. तरी दर शुक्रवारी चौघाचौघांचे गट करते. होतं काय, गटातला हुशार वही स्वतःकडं ओढतो, भराभर सोडवतो आणि बाकीचे मान लांब करून उतरवतात. परवा एका गटात जोरात वाद चाललेला. खूश होऊन जवळ गेले, तर विषय खासबागेतल्या कुस्तीचा! असंच गणितावर भांडायला लावायचं कसं? 'कृतियुक्त अध्यापन करा' एवढं सांगू नका, प्रशिक्षणात ऐकून झालंय.

निवृत्त मास्तर, कागल
बाई, आधी उदाहरण तपासा. सूत्रात आकडे घालायचे असतील तर पोरं भांडतील कशावर? दोन उत्तरं निघतील असं द्या. माझं ठरलेलं होतं: कोल्हापुरी चप्पल 800 रुपयांची. दुकानदारानं भाव 20 टक्के वाढवला, मग त्यावर 20 टक्के सूट दिली. गिऱ्हाइकाला कितीला पडली? निम्मा वर्ग ओरडतो, "800 च की!" कोणीतरी हळूच 768 म्हणतं. मग बघा दंगा. मी खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहायचो. फार लवकर मिटलं तर पुढचं टाकायचं: आधी सूट दिली आणि मग भाव वाढवला तर?

डोंगरातला गुरुजी, शाहूवाडी
मॅडम, बाक सोडा, पोरांना फरशीवर बसवा. आमच्याकडं शहाबादी आहे, खडूनं झकास लिहिता येतं. चौघांत खडू एकच. ज्याच्या हातात खडू, त्यानं स्वतःचं काही लिहायचं नाही, बाकीचे सांगतील तेवढंच. आणि पहिला खडू हुशाराच्याच हातात द्यायचा 😄 वहीत खाडाखोड झाली की पोरं कानकोंडी होतात, फरशीवरचं तळहातानं पुसलं की झालं.

बी.एड.वाल्या
त्याआधी दोन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा, मग शेजारणीशी बोलायचं, मग सगळ्यांसमोर. आम्ही हे 'थिंक-पेअर-शेअर' म्हणून शिकवतो, अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी 1981 साली मांडलेलं. चौघांत तोंड न उघडणारी मुलगी एकीजवळ बोलते.

एक त्रस्त
आणि पोर्शन कधी संपवायचा? चाचणी दारात आलीय.

गणिताच्या बाई, कोल्हापूर
@त्रस्त, खरंय तुमचं. दोन शुक्रवार एकाच चपलेत गेले.

पण सांगते. व्हरांड्यात बसवलं, खडू हुशारांकडं. एक गट 800 वरच अडून बसलेला. त्यातल्या एकीनं पाच घरांची पट्टी काढायला लावली, एक घर 160 चं. भाव वाढला म्हणून शेजारी सहावं घर जोडलं. आता सूट द्यायची तर सहा घरांचा पाचवा भाग पुसायचा. एक घर पुसलं, तरी भागेना. "आणखी एक तुकडा जातोय बाई, ह्या सहाव्याचा पाचवा!" तो तुकडाच 32 रुपयांचा. मी काहीही सांगितलं नव्हतं. तिच्या घरी चपलांचंच काम चालतं, तिनं वर ऐकवलं, "सूट द्यायची म्हटल्यावर भाव आधी वाढवतातच की."

मास्तर, तुमचा पुढचा प्रश्नही टाकला. 640 आणि मग परत 768. यावर अजून भांडण चालू आहे, मधल्या सुट्टीतसुद्धा.

आता नवीनच अडचण. वर्गातला पहिला नंबर काल स्टाफरूमच्या दारात येऊन उभा. "बाई, मला वहीतच द्या ना. ते लई हळू सांगतात." काय सांगू त्याला? गुरुजी, तुमच्याकडं असं कोणी रुसलेलं का?