मदत हवी आहे: डिफेन्स बरा वाटतो, तरी चुकलेला प्रत्येक बॉल समोरच्यांनाच कसा मिळतो?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावात आम्ही १४ वर्षं राहतोय. इथल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे आणि खेळणारी मुलं अठरा-वीस वर्षांची आहेत. इथे थंडी सुरू झाली की मार्चपर्यंत गावात दुसरा विषय नसतो. मी मूळची सांगलीची. शाळेत खो-खो खेळले, बास्केटबॉल बघायला इथे येऊन शिकले. आता संघ हरला की त्या रात्री मला झोप लागत नाही.

शनिवारचं सांगते. आम्ही एका गुणाने पुढे, ११ सेकंद उरलेली. त्यांच्या गार्डने (बाहेरून बॉल खेळवणाऱ्या खेळाडूने) घाईत शॉट घेतला, तो चुकला आणि बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आपटून वर उडाला. रिंगखाली आमची तीन मुलं, तिघांच्याही माना वर. तेवढ्यात त्यांचा एक मुलगा कोपऱ्यातून धावत आला, दोघांच्या मधून हात घातला आणि बॉल बोर्डाला टेकवून आत ढकलला. संपलं. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, कित्येक वर्षांपासून सीझनचं तिकीट काढणारे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हॉल रिकामा होईपर्यंत उठलेच नाहीत.

मी सामन्याच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारते. समोरच्यांना स्वतःच्याच चुकलेल्या शॉटवर पुन्हा बॉल मिळाला की एक रेघ. शनिवारी १७ झाल्या.

हॉलमध्ये सगळा राग आमच्या सेंटरवर, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या मुलावर निघतो. उंच, शांत पोरगा आहे. 'उडी मार', 'आळशी' असं त्याला मागून ओरडतात, सामन्यानंतर फोनवर त्याच्याबद्दल जे लिहिलेलं असतं ते वाचवत नाही. माझा १२ वर्षांचा मुलगा त्याचा चाहता आहे. शनिवारी गाडीत त्याने विचारलं, "आई, तो मुद्दाम उडी मारत नाही का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

मला खरंच समजून घ्यायचंय. पहिल्या शॉटला आमचा डिफेन्स वाईट नसतो, समोरच्यांना अवघड शॉट घ्यावे लागतात. मग रिबाऊंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतरचे बॉल, का सुटतात? दोष त्या मुलाचा आहे, कोचच्या पद्धतीचा आहे, की मला दिसत नाही असं काही आहे? आणि खुर्चीत बसून ते दिसावं म्हणून बघायचं नेमकं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

धरमपेठ:

ताई, मी नागपूरची, दहा वर्षं सेंटर खेळले, बहुतेक सगळं सिमेंटच्या कोर्टवर. तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी एक गोष्ट. रिबाऊंड उडीने मिळतो हा समज चुकीचा आहे. शॉट सुटला की बॉल शोधायचा नाही, माणूस शोधायचा. त्याच्या अंगाला अंग लावायचं, वळून त्याला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची, आणि तो पाठीवर अडकला की मगच वर बघायचं. यालाच बॉक्स आऊट म्हणतात. हे नीट केलं तर तुमच्यापेक्षा चार इंच उंच खेळाडूही मागे लटकत राहतो. तुम्ही लिहिलंय ना, तिघांच्याही माना वर होत्या? तिथेच बॉल गेला.

पण तुमच्या सेंटरचं वेगळं असू शकतं. समजा, त्यांचा गार्ड तुमच्या गार्डला चुकवून आत घुसला. आता त्याला अडवायला कोण येणार? सेंटर. तो स्वतःचा माणूस सोडून पुढे येतो, हात वर करतो आणि शॉट बिघडवतो. शॉट चुकला म्हणजे त्याने काम चोख केलं. पण ज्याला तो सोडून आला तो त्यांचा सेंटर आता रिंगजवळ एकटा उभा आहे. त्याच्यावर खाली सरकून अंग टाकायचं काम तुमच्या दुसऱ्या बाजूच्या विंगचं, म्हणजे कडेने खेळणाऱ्याचं. तो जर कोपऱ्यात उभं राहून शॉट बघत बसला, तर बॉल त्यांचाच. वरून बघणाऱ्याला काय दिसतं? तुमच्या सेंटरच्या माणसाने रिबाऊंड घेतला. शिव्या सेंटरला.

म्हणून पुढच्या सामन्यात शॉट सुटला की बॉलवरची नजर काढा. फार जड जातं, पण काढा. दोन गोष्टी बघा: सेंटर शॉटच्या आधी कुठून निघाला, आणि त्याची रिकामी जागा कोणी भरली. सलग दहा वेळा बघितलंत की तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

आकडेवाला:

नुसत्या १७ वर जाऊ नका. समोरच्यांचे शॉट चुकले किती? डिफेन्स चांगला असेल तर चुका जास्त, आणि चुका जास्त तर रिबाऊंडच्या संधीही जास्त. कॉलेजच्या खेळात साधारण दहा चुकांपैकी सात बॉल बचाव करणाऱ्या संघाकडे जातात. तुम्ही सहा-साडेसहावर असाल तर काळजी, पाचवर असाल तर आग लागली आहे.

बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी सामना कशावर ठरतो याचे चार घटक मांडले: नेमबाजी, बॉल गमावणं, रिबाऊंड आणि फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट). त्यांच्या हिशोबात सगळ्यात जास्त वजन नेमबाजीला आहे, रिबाऊंडला त्याच्या निम्मं. त्यामुळे काही कोच मुद्दाम रिबाऊंडवर थोडं पाणी सोडतात आणि मुलांना लवकर पुढे पळवतात. तुमचे कोच तसं करताहेत का, हेही बघा.

अजून एक. २०१९-२० पासून पुरुषांच्या कॉलेज सामन्यात आक्रमक संघाने रिबाऊंड घेतला की शॉट घेण्यासाठीच्या वेळेचं घड्याळ ३० ऐवजी २० सेकंदांवर येतं. म्हणजे दुसरा शॉटही घाईत होतो, आणि त्यावर तुमची दमलेली मुलं पुन्हा डिफेन्सला. त्याच वर्षी तीन गुणांची रेषाही २२ फूट पावणेदोन इंचांवर मागे गेली. लांबून चुकलेला बॉल लांबच उडतो, तो सेंटरच्या डोक्यावरून जातो. असे बॉल गार्डनेच उचलायचे असतात.

धागालेखिका:

पत्रकावर चुकलेले शॉटही लिहिलेले होते, आत्ता मोजले: ३९. त्यातले १७ त्यांना, म्हणजे ४४ टक्के. आग लागली आहे असंच म्हणायचं का?

आकडेवाला:

हो ताई. त्या दिवसापुरतं तरी नक्की.

ह्यूस्टनवासी:

आमच्याकडे ह्यूस्टन विद्यापीठाचे कोच केल्विन सॅम्पसन सरावात रिंगवर झाकण बसवून रिबाऊंड करून घेतात. बॉल आत जाणारच नाही, म्हणजे प्रत्येक शॉटवर झटायचंच.

त्याचं फळ आम्ही ५ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनिओत बघितलं. फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर ड्यूक विद्यापीठ, दुसऱ्या हाफमध्ये ह्यूस्टन १४ गुणांनी मागे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आमच्या टगलरने चुकलेला शॉट रिंगमध्ये कोंबला आणि स्कोअर ड्यूक ६७, ह्यूस्टन ६६ झाला. मग ड्यूकचा फ्री थ्रो चुकला. आमच्या जे'वान रॉबर्ट्सने आधीच आतली जागा धरून ठेवली होती आणि ड्यूकचा कूपर फ्लॅग त्याच्या पाठीवरून आला. फाऊल! देशातला सगळ्यात गाजलेला नवखा खेळाडू, आणि एका बॉक्स आऊटमुळे अडकला. रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकले, शेवटी ह्यूस्टन ७०-६७ ने जिंकलं. फायनल फ्लोरिडाकडून ६५-६३ ने हरलो, त्याचं दुःख अजून आहे. पण रॉबर्ट्सची ती वाकलेली पाठ मी आयुष्यभर विसरणार नाही. मुलाला हा तुकडा दाखवा. उडी कुठेच नाही त्यात.

जुना_सीझनवाला:

सगळ्यांशी सहमत, पण मुलांना अगदी मोकळं सोडू नका. सवय लावावी लागते. मिशिगन स्टेटचे कोच टॉम इझो यांनी सरावात अमेरिकन फुटबॉलची हेल्मेटं आणि पॅड घालून रिबाऊंड करून घेतले आहेत, आणि २००० साली विजेतेपदही मिळवलं.

उलट उदाहरण १ एप्रिल २०१७ चं. नॉर्थ कॅरोलायना ७७, ओरेगन ७६. शेवटच्या सहा सेकंदांत नॉर्थ कॅरोलायनाने सलग चार फ्री थ्रो चुकवले, तरी ओरेगनला बॉल मिळाला नाही. फ्री थ्रोच्या वेळी रेषेवर बचाव करणारे चार आणि समोरचे दोनच असतात, रिंगजवळच्या जागाही बचाववाल्यांच्या. तरीही दोन्ही रिबाऊंड गेले. त्या रात्री ओरेगनच्या जॉर्डन बेलने रडत रडत सगळा दोष स्वतःवर घेतला. रेषेवर आणखी तिघे उभे होते, त्यांच्याबद्दल कोणी फार बोललं नाही. तुमच्या सेंटरबद्दल वाचताना मला बेलचा तो चेहरा आठवला.

पोर्टलग्रस्त:

संघात यंदा नवीन मुलं किती आहेत? २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलता येतं. शॉट मारणं एकटा माणूस सोबत घेऊन येतो. कोणी कोणाच्या मागे सरकायचं, हे मात्र पाच जणांनी एकत्र राहूनच अंगात मुरतं. व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट याच एका गोष्टीवर वर्षानुवर्षं घासत राहिले. २०१८ ला सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या संघाकडून २० गुणांनी हरले आणि पुढच्याच वर्षी, बरीचशी तीच मुलं घेऊन, विजेते झाले.

धागालेखिका:

आमच्या पहिल्या पाचांपैकी तिघे यंदाच आलेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बुधवारचा सामना बघून आले. धरमपेठ, तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिली पाच मिनिटं डोळे आपोआप बॉलकडेच जात होते. मग मी पत्रकाने वरचा अर्धा भाग झाकला, म्हणजे रिंग दिसेना आणि फक्त पाय दिसायला लागले. आणि दिसलं हो! आमचा सेंटर सात वेळा स्वतःचा माणूस सोडून पुढे गेला, सातही वेळा गार्ड चुकवला गेल्यामुळे. त्यातल्या पाच वेळा मागे कोणीच सरकलं नाही. एकदा तर तो शॉट अडवून वळला आणि परत मागे येण्यासाठी इतक्या जोरात धावला की बूट करकरला, मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं. तोवर बॉल गेला होता. मागून कोणीतरी 'आळशी' म्हणून ओरडलं. मी मागे वळून सांगितलं की तो आत्ता दोघांचं काम करत होता. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

घरी आल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर पाच वाट्या आणि पाच पेले मांडले, लिंबाचा बॉल केला. मुलाला दाखवलं, पेला असा आत आला, ही वाटी पुढे गेली, आता हा पेला एकटा. त्याने बराच वेळ बघितलं आणि कोपऱ्यातली वाटी बोटाने हळूच खाली सरकवली. "हिने इथे यायला हवं होतं ना?"

आता नवीन प्रश्न. दुसऱ्या हाफमध्ये कोचनी झोन, म्हणजे जागा वाटून घेतलेला बचाव लावला. प्रत्येकाला ठरलेला माणूसच नाही, मग बॉक्स आऊट कोणाला करायचं?

धरमपेठ:

बाई, लिंबू वाचून फार बरं वाटलं!

झोनची ती जुनी दुखरी नस आहे. सिराक्यूजचे कोच जिम बोहाइम वर्षानुवर्षं २-३ झोन खेळले, २००३ ला त्यावर जिंकलेही, पण झोन म्हटलं की रिबाऊंडची किंमत मोजावीच लागते. तिथे नियम असा, की शॉट सुटताच तुमच्या जागेत जो असेल तो तुमचा. अंग त्याला लावायचं. दोन जागांच्या सांध्यावर उभा राहणारा खेळाडू मात्र कोणाचाच नसतो, आणि शहाणे संघ आपला सगळ्यात चांगला रिबाऊंडर तिथेच ठेवतात. पुढच्या सामन्यात खालच्या तिघांच्या मधल्या फटी बघा, आणि वरच्या दोन गार्डपैकी एक जण फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत खाली येतो का तेही. मुलाला म्हणा, या वेळी तीन वाट्या खाली आणि दोन वर मांड.